तो, ती, ते आणि पुढचा शब्द

घरात तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे तिला रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की जी सुरू व्हायची ती डोळे मिटेपर्यंत. दात घासतानासुद्धा ब्रश गालात सरकवून बोलायची. शाळेत बाईंनी बडबडीबद्दल बाकावर उभं केलं, तर तिथून खाली बसलेल्या मुलींना समोरच्या वर्गात काय चाललंय ते सांगायला लागली. पुढे सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "चला, आता कॉम्प्युटरपुढे बसून तरी गप्प होईल." पण दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला राग न येऊ देता त्या त्याच्या गळी उतरवायच्या, हे काम मुळात बोलण्याचंच. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग परदेशातल्या एका कंपनीने तिला बोलावलं. मुलाखत इंग्रजीत झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "जर्मन येतं ना थोडंफार?" ती म्हणाली, "थोडंफार." ते म्हणाले, "पुरे. बाकीचं इथे आल्यावर होईल."

थोडंफार म्हणजे संध्याकाळच्या क्लासच्या पहिल्या दोन पायऱ्या. क्लासच्या बाई म्हणायच्या, मराठी माणसाला जर्मन सोपं, कारण तो, ती, ते आपल्याकडेही आहे. आहे खरं, पण वाटप भलतंच. त्यांच्याकडे चमचा तो, पण काटा ती आणि सुरी ते. चंद्र तो, इथपर्यंत ठीक. सूर्य मात्र ती! आणि मुलगी चक्क ते. "म्हणजे आपलं पोरगंच की!" असं ती वर्गात म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. त्या वर्गात ती धडाधड बोलायची. माझा भाऊ उंच आहे. मला चहा आवडतो. स्टेशन कुठे आहे?

तिकडे गेल्यावर तिच्या भावाच्या उंचीची चौकशी कुणीही केली नाही.

कंपनी मोठमोठ्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या फळीवर कुठला खोका, तो कधी आला, कुठे निघाला, हे सगळं त्यात. सकाळच्या मीटिंगला सगळे गोल करून उभे राहायचे. सुरुवात तिच्यासाठी इंग्रजीत व्हायची आणि मग उतारावर सोडलेल्या सायकलसारखी आपोआप जर्मनमध्ये जायची. दुपारी जेवताना तर इंग्रजीचं नावच नको. सगळे हसले की तीही हसायची, फक्त जरा उशिरा. आपलं हसू असं मागून एकटंच येतंय हे तिला स्वतःलाच ऐकू यायचं. कधी धीर करून तिने जर्मन वाक्याला हात घातलाच, तर पहिल्या अडखळीलाच समोरचा हसून इंग्रजीवर यायचा. माणसं चांगली होती. तिचा त्रास वाचवायला म्हणूनच तिचं वाक्य काढून घ्यायची. पण आजवर तिचं बोलणं वैतागून थांबवलेलं तिला माहीत होतं. प्रेमाने कुणी थांबवलं नव्हतं.

तिच्या टीमचा प्रमुख दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच आणि तितकाच शांत होता. मनात तिने त्याचं नाव खांब ठेवलं होतं. पण हे सांगून हसायचं कुणापाशी?

"काय गं, आज कुणाशी बोललीस?" आई फोनवर विचारायची.

"लिफ्टमध्ये एका बाईंना नमस्कार केला."

"एवढंच? रेडिओचे सेल संपले की काय?"

"आई, चुकेल अशी भीती वाटते गं."

"चुकलीस तर चुकलीस. त्यांना तरी कुठे मराठी येतं?"

आईचा हा युक्तिवाद ऐकून ती हसायची. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं की पुन्हा दातखीळ बसायची.

राहायला तिने एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराचा वरचा मजला घेतला होता. एक झोपायची खोली, एक छोटं स्वयंपाकघर, आणि कपडे धुवायचं मशीन तेवढं खाली, त्यांच्या स्वयंपाकघराला लागून. घरमालकीण आजी पूर्वी पोस्टात खिडकीवर बसायची. सुटसुटीत बोलायची, भराभर चालायची. पहिल्याच दिवशी तिने सांगून ठेवलं होतं, "नवरा आजारी आहे. वर फार आवाज नको." रेडिओला या अटीचं हसूच आलं. आवाज करायला शब्द तर हवेत!

आजोबा तिला पहिल्यांदा नीट भेटले ते एका संध्याकाळी. ती धुतलेले कपडे घ्यायला खाली गेली. आजी कचरा टाकायला बाहेर गेली होती. टेबलापाशी एक रुंद खांद्यांचा म्हातारा बसला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा. पुढ्यात सुपाचा वाडगा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तो... तो..."

ती थांबली.

"तो..." त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग एक लांबलचक, गोटीबंद शिवी दिली. ती तिला उद्देशून नव्हती हे भाषा न येताही कळत होतं. ती त्या न येणाऱ्या शब्दाला होती.

रेडिओने मनातल्या मनात क्लासची वही उलगडली. तो म्हणजे काय काय? तो म्हणजे टेबल. तो म्हणजे खुर्ची. पण ही दोन्ही तर आहेत. मग वाडग्याकडे लक्ष गेलं. सूप आहे आणि...

"चमचा?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. "चमचा!" आणि असा हसला की जणू तिने विहिरीत पडलेली घागर वर काढून दिली.

आजी परत आली तेव्हा दोघं समोरासमोर बसली होती आणि टेबलावरच्या वस्तूंकडे बोट दाखवून एकमेकांची परीक्षा घेत होती. आजी दारातच उभी राहिली. मग हळू, सोप्या शब्दांत तिने सांगितलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात गेला, शब्द गेले. कळतं सगळं. पण बोलायला गेलं की शब्द पळतो. शिव्या मात्र शाबूत आहेत.

"डॉक्टर म्हणतात, त्या वेगळ्या कप्प्यात असतात," आजी म्हणाली. "नेमका तोच कप्पा वाचला."

डॉक्टरांनी सरावासाठी चित्रांचे पत्ते दिले होते. सफरचंद, छत्री, घोडा, शिडी. आजीसोबत ते घेऊन बसलं की दोन मिनिटांत भांडण व्हायचं. कारण आजी भराभर बोलणारी. त्याने "ती..." म्हणताच "शिडी! शिडी रे!" म्हणून मोकळी व्हायची. तिच्याने थांबवतच नसे. त्याचे हाल तिला बघवत नसत. आणि तो चिडून पत्ते उधळून द्यायचा.

रेडिओ मात्र थांबायची. थांबण्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं. त्याचं वाक्य पुरं करायला तिच्याकडे शब्द होते कुठे? तोही तिच्यासाठी थांबायचा, कारण त्याच्याकडे दुसरी कुठली भाषा नव्हती जिच्यावर सटकता येईल. रोज ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन ती खाली उतरायची. मग एक गंमत दोघांच्या लक्षात आली. त्याला वस्तूचं नाव आठवत नसे, पण तो, ती की ते, हे कधी चुकत नसे. हिचं उलट. नाव पाठ, पण घोडा तो की ते, याचा पत्ता नाही. चित्र उलटलं की तो म्हणायचा, "ते..." आणि ती म्हणायची, "घोडा!" दोघांचं मिळून एक आख्खं पद तयार व्हायचं. कधी दोघंही अडायची. मग तो आपल्या वाचलेल्या कप्प्यातून ती शिवी काढायचा, आणि तीही तस्साच सूर लावून त्याच्यामागून म्हणायची. आजी ओट्याशी पाठ करून उभी असायची. तिचे खांदे हलत ते हसण्याने, की आणखी कशाने, हे मागून कळत नसे.

त्या शिवीचा अर्थ तिने कुणाला विचारला नव्हता. "अरे देवा" किंवा फार तर "शी बाई" असं काहीतरी असेल, अशी तिची समजूत.

एका सकाळी ऑफिसात सगळे गोल करून उभे होते. ज्या सर्व्हरवर ती सॉफ्टवेअर तपासायची तो पुन्हा बंद पडला होता. आदल्या दिवशीचं सगळं काम वाया. खांबाने विचारलं, "तुझं कुठवर आलं?" ती सांगायला गेली, शब्द सापडेना, आणि तोंडातून अलगद, आजोबांच्या सुरात, आजोबांच्या ठसक्यात ती शिवी बाहेर पडली.

खांबाचा कॉफीचा कप ओठांपाशी तसाच राहिला. मग तो हसायला लागला. हसता हसता खाली वाकला, भिंतीला टेकला, डोळे पुसू लागला. मग सगळेच.

"हे कुठे शिकलीस?"

"घरी," ती कानापर्यंत लाल होऊन म्हणाली. "आजोबा. खाली. चांगला माणूस."

"माझे आजोबा म्हणायचे असं. बोट हातोड्याखाली आलं की." खांबाने पुन्हा डोळे पुसले. "ऐका सगळ्यांनी. जिला एवढं येतं तिच्याशी इंग्रजी बोलायचं म्हणजे अपमान आहे. आजपासून हिच्याशी जर्मन. पण हळू."

आणि खरंच ते हळू बोलू लागले. हळू बोलणं त्यांनाही जड जात होतं हे तिला दिसायचं. लहान पोराबरोबर चालताना मोठ्याने पाऊल आखूड करावं तसं ते वाक्य आखूड करत.

पण या कौतुकाला एक शेपूट निघालं. थोड्याच दिवसांत खांबाने तिला बाजूला घेतलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या गोदामातली माणसं येणार होती. त्यांना नवं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं. जर्मनमध्ये. "तूच दाखव," तो म्हणाला. "तुझ्याइतकं ते आतून-बाहेरून कुणाला माहीत नाही."

ती घरी आली ती थेट खाली. आजोबांसमोर लॅपटॉप उघडला आणि त्यांना गोदामाचा मुकादम केलं. आजोबांनी ती भूमिका फारच मनावर घेतली. डाव्या हाताने हनुवटी धरून, भुवया आवळून ते पडद्याकडे बघायचे आणि ती अडली की थांबायचे. घाई नाही, दया नाही, नुसतं थांबणं. तिला वाक्याच्या मधोमध उभं राहायची सवय झाली. न घाबरता.

कार्यक्रमाच्या दिवशी ती माणसं आली. जाड बुटांची, कामाची घाई असलेली. अर्धं अधिक नीट पार पडलं. मग एका ठिकाणी शब्द निसटला. माल उचलायच्या गाडीला काय म्हणतात? पूर्वी ती इथेच खचली असती. आता ती थांबली आणि म्हणाली, "एक मिनिट. शब्द येतोय. तो... तो..." पहिल्या रांगेतल्या बाईने हाताने काटे खाली-वर केल्याची खूण केली आणि शब्द दिला. "हां, तोच!" ती म्हणाली. पुढे कुठेही अडली की ती माणसंच शब्द फेकायची, आणि बघता बघता त्यांनाही रंग चढला. शेवटी त्यांनी इतके प्रश्न विचारले की वेळ पुरेना. खांब मागे उभा होता. त्याने मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला.

कधी एकदा आजोबांना सांगते असं झालं होतं तिला. धावतच घरी आली. खालचं दार ढकललं, तर स्वयंपाकघरात फरशीवर काचा आणि पाणी. आजोबा खुर्चीत ताठ, चेहरा लालबुंद. आजी जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती.

"पाणी म्हणतो," आजी म्हणाली. "आठवडाभर पाणी, पाणी. दिलं की ढकलतो. गरम दिलं, गार दिलं. आज भिरकावलाच पेला. काय करू मी? नर्स नाही मी, देव नाही..."

"पाणी!" आजोबा ओरडले. "ते... पाणी!"

रेडिओ ओल्या फरशीवरून जपून त्यांच्यापाशी गेली. तिला आपला इथला पहिला आठवडा आठवला. केसांना लावायचं तेल हवं होतं, शब्द येत नव्हता, म्हणून औषधाच्या दुकानात डोक्याला हात लावून "डोकं, डोकं" म्हणत राहिली आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन आली. नकोत म्हणायलाही शब्द नव्हते. आपल्याजवळ एकच शब्द असला की माणसं त्या शब्दाच्या सगळ्यात जवळची वस्तू हातात ठेवतात.

ती आजोबांसमोर उकिडवी बसली. "पाणी प्यायचं नाही?"

"नाही!"

"अंघोळ?"

"नाही, नाही!"

"पाणी... बाहेर? घरात नाही?"

आजोबा थांबले. ओठ हलले. ती बघत राहिली. आजी काही बोलणार होती, रेडिओने न वळताच हात वर केला.

"मोठं," आजोबा म्हणाले.

"मोठं पाणी," रेडिओ म्हणाली.

आजीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ती उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग तिने सांगितलं, जे इतके दिवस सांगितलं नव्हतं. हा माणूस गावातल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर शिक्षक होता. अर्ध्या गावाला त्यानेच पाण्यात ढकललेलं. आवाज असा, की या टोकाला ओरडला तर त्या टोकाचा पाण्याखालचा पोरगा वर यायचा. आजारानंतर आजीने भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. गाडी चालवताना तलावाची इमारत दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने वळवायची.

"मला वाटलं, त्याला सोसवणार नाही," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही कधी."

आजोबा तिच्याकडे बघत होते. त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता. आजी काचांमधून चालत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचं डोकं तिने पोटाशी धरलं. रेडिओ गुपचूप झाडू शोधायला वळली.

डॉक्टरांनी परवानगी दिली. उथळ, कोमट पाण्यात, कुणीतरी सोबत हवं. आजीला पाण्याची भीती. आयुष्यभर पोहणाऱ्याशी संसार केला, पण पायरी काही उतरली नव्हती. सोबत म्हणून राहिली रेडिओ, जिला पोहण्याचा पो येत नव्हता. "कमरेइतकंच आहे ना? मग येते की," ती म्हणाली, आणि शनिवारी नव्या पोशाखात, गुडघे एकमेकांना चिकटवून, पायरीवर उभी राहिली. तलावावर जीवरक्षक होती एक धिप्पाड बाई. आजोबांना पाहताच ती मुख्याध्यापक आल्यासारखी सरळ उभी राहिली. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. ती काठाकाठाने त्यांच्या बरोबर चालू लागली.

आजोबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. पाणी कमरेला लागलं तसा त्यांनी एक मोठा श्वास घेतला. त्यांचा लुळा हात पाण्यावर आला आणि तिथे तो इतर कुणाच्याही हातासारखा दिसायला लागला. रेडिओ त्यांचा दंड धरून होती, म्हणजे तिची तशी समजूत होती. पाय सटकला तिचाच. नाकात पाणी, डोळ्यांपुढे फेस, हातपाय चारी दिशांना.

"पाय खाली! उभी राहा!"

आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला. ती उभी राहिली. पाणी कमरेइतकंच होतं. तिने डोळे पुसून पाहिलं. आजोबा छाती काढून उभे होते.

"मान मागे!" ते म्हणाले. "पोट वर! हात लांब! श्वास घे... धर... सोड! पुन्हा!"

तिने मान मागे टाकली. त्यांचा डावा तळवा तिच्या डोक्याखाली आला. जीवरक्षक बाई काठावर वाकून हसत होती आणि रडत होती. रेडिओच्या कानांत पाणी होतं, तरी प्रत्येक शब्द कळत होता. त्यात ना तो होता, ना ती, ना ते. नुसतं घे, धर, सोड. हेही त्यांच्या वाचलेल्या कप्प्यात असणार, शिव्यांच्या शेजारी. तिथे कुणी शोधलं नव्हतं इतकंच. तिचं अंग हलकं झालं, छत हळूहळू सरकू लागलं, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदाच, पुढचं वाक्य काय बोलायचं हा विचार तिच्या मनात नव्हता.

काठावरच्या बाकावर आजी मांडीवर त्यांचा कोट घेऊन बसली होती. तो आवाज तिने आजारानंतर ऐकला नव्हता. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

पाण्याबाहेर आल्यावर शब्द पुन्हा गेले. कपडे बदलून आजोबा बाकावर बसले आणि आजीला काही सांगू लागले. "ती... ती..." आजीचे ओठ सवयीने उघडले. मग तिने ते मिटले. तिला किती कष्ट पडताहेत हे रेडिओला दिसत होतं. आजी थांबली. आजोबा शोधत राहिले. शेवटी शब्द आला तो "टोपी" असा, आणि टोपी खरंच पिशवीत नव्हती, गाडीत राहिली होती. आजी इतकी खूश झाली की स्वतः पळत जाऊन घेऊन आली.

त्यानंतर दर शनिवार तलावाचा झाला. काही शब्द परतले, बरेचसे परतले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. कंपनीने रेडिओला कायम केलं. आता मीटिंगमध्ये खांबाला कधी कधी तिला सांगावं लागतं, "बाकीच्यांनाही बोलू दे." आईला हे कळल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली.

आणि एका शनिवारी आजीही पोशाख घालून आली. निळा, नवा कोरा, आरशात न बघता घेतल्यासारखा ढगळ. ती कठडा धरून पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि पुढे जाईना.

"उतर!" आजोबा पाण्यातून ओरडले. "पाय! दुसरा पाय! घाबरू नको! उतर!"

"ओरडतोस काय? ऐकू येतंय मला!" आजी म्हणाली.

"उतर!"

"येतेय रे, येतेय."

शेजारीच पाण्यात पाठीवर तरंगत असलेल्या रेडिओने मान वळवून पाहिलं. आजीचा पाय स्थिर होता, भीती अशी काही दिसत नव्हती. तरीही तिने उतरायची मुळीच घाई केली नाही. ती तिथेच उभी राहिली, आणि त्याला आणखी थोडा वेळ ओरडू दिलं.